ग्रुप टूरचे शेवटचे चार दिवस: थकून आडवं पडू नये म्हणून काय करायचं आणि कधी

रोममध्ये, टूरच्या बाराव्या दिवशी, माझी आई ट्रेव्ही कारंज्याजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा बघून या, मी हितंच बसते." बूट काढले तेव्हा मोज्याच्या रबराची खाच घोट्यावर खोल रुतलेली दिसली. सकाळच्या चहानंतर तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतं. आन् एका वेळंला एक युरो. शंभर रुपये!"

तेव्हापासून लातूर-परभणीकडच्या ग्रुपसोबत आणखी दोनदा गेलो आणि दर वेळी हेच पाहिलं. दहाव्या-अकराव्या दिवसापासून निम्मी बस मान टाकून झोपलेली. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाचं पोट बिघडलेलं, नवरा-बायको एकमेकांवर डाफरतायत. मग सगळे म्हणतात, "वय झालं." वयाचा संबंध थोडा आहे. पण सत्तरीचे काका ताजेतवाने आणि पंचेचाळिशीचा मुलगा बसमधून उतरायला तयार नाही, हेही मी पाहिलंय. शेवटच्या दिवसांचा थकवा त्या दिवसांत येत नाही. तो पहिल्या आठवड्यात साठतो आणि नंतर एकदम अंगावर येतो. म्हणून उपायही आधीच सुरू करावे लागतात.

खालची सगळी मांडणी १२ ते १५ दिवसांची, बसने फिरणारी युरोप टूर धरून केली आहे. दुबई-सिंगापूरच्या छोट्या टूरला यातलं निम्मं पुरे.

## १. निघण्याआधी सहा आठवडे: पाय आणि बूट

टूरवर दिवसाला दहा-पंधरा हजार पावलं सहज होतात. आपल्याकडे दुकान, शाळा, ऑफिस आणि घर मिळून अनेकांची तीन-चार हजारांच्या वर जात नाहीत. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटं चाला, दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत त्यात जिने घाला, चढण्याइतकेच उतरण्याचेही, कारण गुडघे दुखतात ते उतरताना. एखाद्या रविवारी दौलताबादला नाहीतर औशाच्या किल्ल्यात तीन तास काढा. दुसऱ्या दिवशी काय दुखतं ते कळेल.

बूट संध्याकाळी विकत घ्या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, टूरवर तसेच असणार आहेत. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा हवी. रोम-फ्लॉरेन्सच्या दगडी रस्त्यांवर पातळ तळव्याचा बूट दोन तासांत टाच भरवतो.

नेहमीची चूक: नवे बूट मुंबईच्या विमानतळावर पहिल्यांदा पायात घालणं. निघण्याआधी ते बूट किमान तीन आठवडे वापरात हवेत.

याच काळात डॉक्टरांना भेटा. बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा विचारून एका कागदावर लिहून घ्या. उन्हाळ्यात युरोपचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं (ब्रिटनचं साडेचार), त्यामुळे "सकाळची गोळी" नेमकी कधी, यात घोळ होतो. गोळ्या टूरच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीच्या घ्या. सगळ्या गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेतलं इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं.

## २. तिकीट काढतानाच: जाण्या-येण्याचे दोन दिवस

हा टप्पा मराठवाड्यातल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि टूर कंपनीच्या कागदावर तो नसतो. त्यांची टूर मुंबईच्या विमानतळावर सुरू होते आणि तिथंच संपते. आपली सुरू होते लातूर, नांदेड, बीड, हिंगोलीहून.

बहुतेक जण रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातात. दिवस नातेवाइकांकडे जेवणं-भेटी करण्यात घालवतात आणि त्याच रात्री विमानात बसतात. म्हणजे टूर सुरू होण्याआधीच दोन रात्रींची झोप गेली. ती पुढं कधीच भरून निघत नाही. एक दिवस आधी पोचा, एक रात्र मुंबईत झोपा. खर्च वाढतो, मान्य. पण लाखांमध्ये पैसे भरलेल्या टूरचे शेवटचे तीन दिवस बसच्या खिडकीतून बघण्यापेक्षा तो कमीच आहे.

परतीचीही एक रात्र आत्ताच बुक करा. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांनी हैदराबादहून निघणारी टूर मिळते का ते आधी विचारावं. अंतर बरंच वाचतं.

## ३. बॅग भरताना: शेवटच्या चार दिवसांचं वेगळं गाठोडं

बॅगेच्या तळाशी एक कापडी पिशवी ठेवा आणि दहाव्या दिवसापर्यंत उघडू नका. तिच्यात हे हवं:

- स्वच्छ, सैल कपड्यांचे दोन जोड आणि मोज्यांचे चार जोड
- वापरातली दुसरी चप्पल किंवा सँडल
- ओआरएसची सहा-आठ पाकिटं
- मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खारीक, भाजलेले शेंगदाणे

शेवटचं सामान मुद्दाम लिहिलंय. दहाव्या दिवसापर्यंत ब्रेड आणि त्याच त्या पनीरच्या भाजीनं तोंडाची चव जाते. मग माणूस नाश्ता टाळतो, दुपारी चिप्स खातो, आणि संध्याकाळी अंगात त्राण नसतं. गरम भातावर मेतकूट पडलं की चार घास जास्त जातात. धपाटे पहिल्या तीन दिवसांत संपवा, पुढं ते टिकत नाहीत.

सावधान: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. चटणी-लोणचं मोठ्या बॅगेत ठेवा, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

## ४. पहिला आठवडा: जिथं खरी चूक होते

झोप. भारतात सकाळचे सहा वाजतात तेव्हा पॅरिसला उन्हाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पहाटे उठणाऱ्या माणसाचा डोळा पहिल्या दोन-तीन रात्री बरोबर तेव्हाच उघडणार. अशा वेळी दिवा लावू नका, मोबाइल हातात घेऊ नका. घरी सगळे जागे असतात म्हणून व्हिडिओ कॉल लावण्याचा मोह होतो. तो केलात की झोप गेलीच. डोळे मिटून पडून राहा.

दुसरी अडचण संध्याकाळची. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळायलाच रात्रीचे पावणेदहा-दहा होतात. जेवण झालं तरी बाहेर उजेड, मग हॉटेलच्या लॉबीत गप्पा, पत्ते, फोटो पाठवणं. बारा वाजतात. टूर मॅनेजरनं तर "सहा-सात-आठ" सांगून ठेवलेलं असतं: सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. रोज दीड तास झोप कमी पडली तर दहा दिवसांत पंधरा तास होतात. घड्याळाकडे बघून पडदे ओढा, खिडकीकडे बघून नको. साडेदहाला अंथरूण.

पाणी. आईचं उदाहरण वर दिलंच आहे. टूरवरच्या बायका, विशेषतः वयस्क, स्वच्छतागृहाच्या भीतीनं पाणी तोडतात. त्यातून डोकेदुखी, बद्धकोष्ठता, पायात गोळे, लघवीची जळजळ, आणि मग नुसता "थकवा". ओळीनं असं करा: उठल्यावर एक ग्लास, नाश्त्याला एक, नंतर बस थांबेल त्या प्रत्येक ठिकाणी अर्धी बाटली. हॉटेलमधून निघताना, जेवणाच्या ठिकाणी आणि म्युझियममध्ये, म्हणजे जिथं फुकट सोय आहे तिथं गरज नसली तरी जाऊन या. शिवाय प्रत्येकानं एक-एक युरोची दहा नाणी वेगळ्या पाकिटात ठेवावीत आणि तो टूरचाच खर्च धरावा. मी आता आईच्या पर्समध्ये ती नाणी निघतानाच घालतो. मागावी लागली की ती मागत नाही.

पश्चिम युरोपात नळाचं थंड पाणी साधारणपणे पिण्याजोगं असतं. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळकांडी दिसतात, त्यांचं पाणी दिवसभर वाहतं आणि फुकट असतं. त्या दिवशी आई बसली होती तिथून तसा नळ फार लांब नव्हता. बाथरूमच्या गरम नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

बस. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, कायदाच आहे. तो थांबा तुमच्या पायांसाठीही आहे. आपले लोक झोपेत असले की उतरत नाहीत, किंवा उतरतात ते थेट दुकानात शिरतात. आधी पाच मिनिटं चाला, मग कॉफी. बसमध्ये दर अर्ध्या तासानं टाचा टेकवून चवडे वर-खाली करा, वीस वेळा.

तपासा: लघवीचा रंग. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पुढच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांचंच प्रमाण पाळा.

## ५. सातवा-आठवा दिवस: हिशोब घ्या

साधारण याच सुमाराला स्वित्झर्लंड येतं. तिथल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ ठिकाणचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. थोड्या वेळात इतकं उंच गेल्यावर डोकं जड होणं, धाप लागणं साहजिक आहे. वर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं हळू चाला, बर्फात धावाधाव नको. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना निघण्याआधीच विचारलेलं असावं. चक्कर किंवा मळमळ थांबेना तर खाली उतरणं हाच इलाज.

त्या संध्याकाळी खोलीत बसून चार गोष्टी बघा: दोन्ही पाय सारखेच सुजतात का, कुठं फोड आहे का, गोळ्या किती उरल्या, पोट रोज साफ होतं का. मधुमेह असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्या दुसऱ्याकडून बघून घ्या, कारण संवेदना कमी असली की फोड दुखत नाही आणि कळतही नाही.

## ६. शेवटचे चार दिवस: काय सोडायचं ते ठरवा

हे वाचून अनेकांना राग येईल, पण शेवटच्या चार दिवसांतली एक जागा आणि एक संध्याकाळ सोडायची आहे. "पैसे भरलेत, सगळं बघायचंच" या एका वाक्यानं मी जितक्या लोकांची टूर बिघडलेली पाहिली, तितकी पावसानंही बिघडली नसेल.

क्रम असा ठेवा.

१. दहाव्या दिवशी टूर मॅनेजरकडून उरलेला कार्यक्रम घ्या. प्रत्येक ठिकाणी किती चालायचं, किती जिने, बसायला जागा कुठं, हे विचारा. त्यांना ते माहीत असतं, आपण विचारत नाही.

२. यादीतल्या ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही आलात तिच्यावर खूण करा. कुणाचं ते व्हॅटिकन असेल, कुणाचा पिसाचा मनोरा. तिच्या आदल्या संध्याकाळी काहीही करायचं नाही: बाजार नाही, नाइट टूर नाही.

३. जे सोडायचं ते आदल्या रात्री सांगा. सकाळी बस सुटताना सांगितलं की सगळ्यांचा वेळ जातो आणि तुम्हाला ओशाळं वाटून तुम्ही निघताच.

४. मागे राहणाऱ्यानं कुठं थांबायचं ते ठरवा: हॉटेलची खोली, किंवा बघायच्या ठिकाणाजवळची एकच खूण केलेली बाकडी. हॉटेलचं कार्ड, टूर मॅनेजरचा नंबर, पाणी, खाऊ आणि परत येण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी जवळ हवी. वयस्क माणूस असेल तर सोबत कुणीतरी थांबा.

नेहमीची चूक: "जरा इथंच फिरून येतो." राहायचं ठरलं की राहायचं. आमच्या ग्रुपमधले एक सर फ्लॉरेन्सला असेच गल्ली बघायला गेले आणि चाळीस मिनिटं सगळे त्यांना शोधत होते. त्या धावपळीत विश्रांतीही गेली आणि पुढची जागाही.

इटलीत जुलैचं दुपारचं ऊन लागलं की आपले लोक म्हणतात, "आमच्याकडं तर बेचाळीस असतं." असतं, पण मे महिन्यातल्या बेचाळीस डिग्रीत लातूरला दुपारी दोन वाजता कोण चार किलोमीटर चालतं? आपण घरात, पंख्याखाली असतो. तोच नियम इथं लावा. डोक्याला रुमाल किंवा टोपी, सावलीची बाजू, आणि दुपारी ओआरएसचं पाणी. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अंदाजानं नाही. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेहींनी ते तहान भागवायला पिऊ नये, साधं पाणी प्यावं. जुलाब लागले तर मात्र ओआरएस त्यांनाही लागतं.

रात्री खोलीत आल्यावर आधी बूट काढा, पाय धुऊन कोरडे करा आणि वीस मिनिटं उशीवर उंच ठेवा. मग फोन, मग फोटो. दुखण्याच्या गोळ्या रोज घेत राहू नका. रिकाम्या पोटी, पाणी कमी पिऊन घेतलेल्या पेनकिलरनं किडनीला इजा होऊ शकते. बीपीवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

सावधान: पाकीटमारी दमलेल्या माणसाची होते. रोमच्या मेट्रोत आणि गर्दीच्या चौकात पासपोर्टची पिशवी कपड्यांच्या आत हवी. शेवटच्या तीन दिवसांत दर संध्याकाळी जोडीदाराला विचारा, "पासपोर्ट दाखव." सांगणं नव्हे, दाखवणं.

आणखी एक. चिडचिड वाढली, कुणी एकदम गप्प झालं, छोट्या गोष्टीवरून डोळ्यांत पाणी आलं, तर ते थकव्याचंच लक्षण समजा. त्या वेळी भांडण मिटवायला बसू नका. खायला द्या, पाणी द्या, झोपवा. माझ्या आईवडिलांचं लग्नाच्या चाळीस वर्षांतलं मोठं भांडण व्हेनिसच्या बोटीवर झालं. नाश्ता दोघांनीही केला नव्हता.

## ७. हा थकवा नाही

हे दिसलं तर वाट बघू नका: एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, छातीत दडपण, बसल्या जागी धाप, बोलताना अडखळणं, गोंधळल्यासारखं वागणं, ताप किंवा उलट्या न थांबणं. मधुमेहीला घाम आणि थरथर सुटली तर शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. युरोपभर ११२ हा तातडीचा नंबर चालतो. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, म्हणजे तुमच्याकडे तो आहे. पॉलिसीवरचा नंबर निघण्याआधी मोबाइलमध्ये घाला. "परदेशात दवाखाना महाग" म्हणून अंगावर काढणारे लोक बघून जीव तुटतो. विमा त्यासाठीच घेतलेला असतो.

## ८. शेवटच्या रात्रीची आदली रात्र: बॅग

बॅग शेवटच्या रात्री भरू नका, तिच्या आदल्या रात्री भरा. चॉकलेटं, शो-पीस, जाकिटं कोंबताना एक वाजतो, वजन जास्त भरतं, मग पुन्हा उघडायची. शेवटच्या रात्री बाहेर राहावं फक्त एक कपड्याचा जोड, ब्रश, गोळ्या आणि पासपोर्ट.

## ९. विमानात

इथं थोडक्यात. झोपेची गोळी विमानात पहिल्यांदा घेऊन बघू नका. तासाभरानं उठून चाला. आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची जागा, मागा. दारू टाळा, पाणी मागत राहा, कारण विमानातली हवा फार कोरडी असते.

## १०. मुंबई ते घर

विमान उतरलं की सगळ्यांना वाटतं पोचलो. लातूर-नांदेडला अजून आठ-दहा तास, कधी जास्तच. आणि अनेकदा उतरणं मध्यरात्री असतं. घरची गाडी घेऊन भाचा सकाळी लातूरहून निघालेला, संध्याकाळपासून विमानतळावर ताटकळलेला, आणि त्याच रात्री तो आपल्याला घेऊन परत निघतो. हे करू नका. त्याचीही झोप झालेली नाही. आपण मागच्या सीटवर घोरत असतो, त्याच्याशी बोलायलाही कुणी जागं नसतं. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला क्षण पुरतो.

बुक केलेल्या खोलीत झोपा, सकाळी नाश्ता करून निघा, दर दोन तासांनी थांबा. नाहीतर देवगिरी, नंदीग्रामसारखी गाडी खालच्या बर्थचं आरक्षण करून पकडा.

तपासा: गाडी चालवणारा आदल्या रात्री किमान सहा-सात तास झोपला आहे का? नसेल तर निघायचं नाही.

## ११. घरी पहिले तीन-चार दिवस

युरोपहून परतल्यावर रात्री अकराला झोप येत नाही, कारण शरीराच्या घड्याळात तेव्हा साडेसातच वाजलेले असतात. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठा, अर्धा तास उन्हात, अंगणात किंवा गच्चीवर चाला. दुपारी झोपायचं तर अर्धाच तास, गजर लावून. चौथ्या दिवसापर्यंत घडी बसते. तोवर भेटायला येणाऱ्यांना, सत्यनारायणाला, शेतावरच्या हिशोबाला थांबवा. दुकान असेल तर पहिले दोन दिवस गल्ल्यावर बसू नका.

गोळ्यांच्या वेळा पहिल्या सकाळपासून पुन्हा आपल्या घड्याळावर आणा, निघण्याआधी लिहून घेतलेल्या कागदाप्रमाणे. आणि परतल्यावर पुढच्या महिनाभरात एका पायाला सूज आली, पोटरी गरम लागली किंवा धाप लागली, तर दवाखान्यात गेल्या-गेल्या पहिलं वाक्य हेच सांगा: "मी नुकताच लांबचा विमानप्रवास करून आलोय."